ताईची नोकरी आणि बोर्डाची सावली

दुपारी साइटवर सावली कुठे असते? हा प्रश्न मी ठेकेदाराला विचारला, इंजिनियरला विचारला, दवाखान्यातल्या डॉक्टरलाही विचारला. मुळात प्रश्न माझा नाहीच, माझ्या ताईचा आहे. ताई या मे महिन्यात गेली.

घरात कोणी गेलं की लोक बसायला येतात. रडून झालं की एकेक किस्सा काढतात. तेरवीपर्यंत घरात तांदळापेक्षा किस्से जास्त होतात! आमच्याकडे सगळे एकाच गोष्टीचे निघाले, ताईच्या नोकरीच्या अर्जाचे. मी आठवी नापास. पण त्या अर्जाने मला जेवढं शिकवलं, तेवढं शाळेने नाही शिकवलं.

*

संस्था चर्चवाल्यांची होती. पदाच्या नावात ‘क्लायमेट जस्टिस’, म्हणजे हवामानाचा न्याय. मावशीने विचारलं, “म्हणजे पाऊस नाही पडला त त्याले कोर्टात नेते का?”

ताई बाबांना समजावत होती. “बाबा, हे लोक मोठ्या कंपन्यायचे शेअर घेते. मंग कंपनीच्या मीटिंगमंदी उभं राहून तिलेच जाब इचारते.”

बाबा जाळं शिवत होते. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून ते नव्या गावच्या तलावात मासे धरतात. मान वर न करता म्हणाले, “जाब इचाराचा त शेअर काहून घेते?”

“बिना शेअरचं आत घेत नाही ना!”

“म्हणजे शिव्या द्याचं तिकीट काढते!” बाबा खुश झाले. “आमच्या मासेमार संस्थेत माझा बी शेअर हाये. जाब इचारला का अध्यक्ष चिवडा देते. तुले काय देईन?”

*

अर्जात एक सवाल होता : तुमची श्रद्धा तुम्हाला या कामाची प्रेरणा कशी देते?

गावात लगेच बोभाटा झाला, पोरगी धरम बदलून राहिली! ताई हसली आणि बाबांनाच विचारलं, “बाबा, आपली श्रद्धा काय जी?”

“जाळं टाकाच्या आधी मी पाण्याले हात जोडतो. एवढीच.”

ताईने तेच लिहिलं. संस्थेच्या मॅडमना इतकं आवडलं, की फोन करून पुन्हा वदवून घेतलं. ताईने आनंदाने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “मासोळी नाही सापडली त शिव्या बी देतो. ते सांगतलं का?”

*

पहिला इंटरव्ह्यू तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर झाला, कारण रेंज तिथेच येते. मी ताईच्या डोक्यावर छत्री धरून उभा. वर ऊन असं, की फोन दोनदा तापून बंद पडला.

फोनमध्ये मॅडम दिसल्या. त्यांच्या ऑफिसात एसी इतका जोरात होता, की त्या शाल पांघरून वाढत्या तापमानावर बोलत होत्या! मध्येच म्हणाल्या, “तुमचं बॅकग्राउंड किती सुंदर आहे. कुठून डाउनलोड केलं?”

तेवढ्यात बॅकग्राउंडमधून एक म्हैस बाहेर आली आणि तिने अंग झाडलं. इंटरव्ह्यू संपला. ताई पुढच्या फेरीत गेली!

*

पुढच्या फेरीत काम दिलं होतं. कोणतीही एक कंपनी निवडा आणि तिच्या वार्षिक सभेत विचारायला दोन मिनिटांचा प्रश्न तयार करा.

ताईने माझी कंपनी निवडली. म्हणजे लाखनीजवळ हायवेला जिचं गोदाम बांधणं चालू आहे आणि जिथे मी घमेली उचलतो, ती. प्रश्न एका ओळीचा होता : “अध्यक्षसाहेब, दुपारी तुमच्या साइटवर सावली कुठे असते?”

रोज संध्याकाळी अंगणात तालीम. मी अध्यक्ष. बाबांची खुर्ची, मित्राचा काळा गॉगल. ताईने प्रश्न विचारला की मी हात झटकून म्हणायचो, “थँक्यू, नेक्स्ट!”

ती बसायचीच नाही. “साहेब, माझे दोन मिनिटं झाले नाही.”

“अवं नेक्स्ट म्हटलं ना!”

“बंटी, मी नाही बसत. तू थकशीन.”

आणि मीच थकायचो.

*

ताईला ऐकीव लिहायचं नव्हतं. एक दिवस ती एसटीने भर दुपारी साइटवर आली. ठेकेदार गोड बोलला, “सावली हाये ना मॅडम. ते पाहा.”

कंपनीचा मोठा बोर्ड होता, ‘सुरक्षा प्रथम’. त्याची सावली जमिनीवर पडली होती, टॉवेलाएवढी. ताई तिच्यात जाऊन उभी राहिली. “दादा, याच्यात एकच माणूस मावते. तो बी बसला का पाय उन्हात!”

ठेकेदार म्हणाला, “म्हणून त कोणाले बसू देत नाही!”

सगळे हसले. ताईही हसली. मग परतीच्या एसटीची वाट पाहत ती रस्त्यावर थांबली. एसटी उशिरा आली. ताई घरी आली तेव्हा अंग भट्टीसारखं होतं. रात्री दवाखान्यात नेलं. सकाळी ती नव्हती.

दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडल्याने मृत्यू. मी डॉक्टरला म्हटलं, “साहेब, मेल्यावर कोणाचं चालू राहते?” त्यांनी शिपायाला हाक मारली.

*

तेरवीनंतर ताईच्या फोनवर संस्थेचा मेल आला : शेवटच्या फेरीसाठी अभिनंदन. मी फोन करून सांगितलं, ताई नाही. मॅडम खरंच रडल्या. म्हणाल्या, “शी वॉज अ व्हेरी स्ट्राँग कँडिडेट.”

बाबांनी विचारलं, “इस्ट्राँग म्हणजे?”

“मजबूत.”

बाबा उठून पाळीवर गेले.

दुसऱ्या दिवशी अजून एक मेल : आमच्याकडे अर्ज करण्याचा तुमचा अनुभव कसा होता? तारे द्या. मी पाचच्या पाच दिले. तालमी ताईने मन लावून केल्या होत्या.

*

पोळ्यानंतर मी त्या कंपनीचा एक शेअर घेतला. मोबाइलवर मित्राने काढून दिला. कंपनीने दिलेली एका दिवसाची मजुरी कंपनीलाच परत! मालक झालो, पण घमेली सुटली नाहीत.

वार्षिक सभा ऑनलाइन होती, भर दुपारी. बोलायला मी आधीच नाव नोंदवलं होतं. साइटवरूनच जोडलो. माझ्या आधी एका मालकाने अध्यक्षांच्या तब्येतीला शुभेच्छा दिल्या. दुसऱ्याने विचारलं, यंदा मिठाईचा डबा का नाही आला? अध्यक्षांनी त्याचं सविस्तर उत्तर दिलं.

मग माझं नाव आलं. मी ताईचा प्रश्न विचारला, तिच्याच शब्दांत.

“थँक्यू. व्हेरी गुड सजेशन. नेक्स्ट स्पीकर, प्लीज.”

“साहेब, माझे दोन मिनिटं झाले नाही.”

माझा माइक बंद झाला. कॅमेरा चालू होता. मी बोर्डाच्या सावलीत उभा होतो. फोन सावलीकडे वळवला, आणि मी उन्हात सरकून ताईला जागा करून दिली.