वन्संच्या दवाखान्यातला सर्व्हर

मोठ्या दवाखान्यात तिला सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. एक्स्चेंज बंद होऊन चौदा वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती टेलिफोनच्या बोर्डापुढे बसली. आतले एकशे साठ नंबर तिला तोंडपाठ होते. कोणता डॉक्टर किती वाजता कुठे सापडेल आणि कोणत्या दोन नर्सांचं एकमेकींशी पटत नाही, हेसुद्धा. बोर्ड उतरवला तेव्हा कॉम्प्युटर खात्याच्या साहेबांनी तिला आपल्याकडे मागून घेतलं. "बाकीचं शिकवता येतं," ते म्हणाले, "माणसं माहीत असणं शिकवता येत नाही." चाळिशीत ती नव्याने शिकली. चुकत, वहीत उतरवून घेत, निम्म्या वयाच्या सहकाऱ्यांना विचारत.

तिच्या ताब्यात आली ती डिरेक्टरी. म्हणजे संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद: नाव काय, पासवर्ड काय, कोणाला कोणते कागद उघडता येतात. सकाळी कोणीही कॉम्प्युटरपुढे बसलं की तो आधी या डिरेक्टरीला विचारतो, हे माणूस आपलंच ना? तिकडून हो आलं की मग पुढचं काम.

शहरातल्या इमारतीत हे हो डोळ्याचं पातं लवायच्या आत येई. पण बसने आठ तासांवर, डोंगरात, याच संस्थेचा तीस खाटांचा छोटा दवाखाना होता. तिथून शहरापर्यंतची लाइन म्हणजे नुसता दोरा. सकाळी सातला पाळी बदलली की आठ-दहा जणी एकदम आपलं नाव टाकत आणि वीस-वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसत. तोवर औषधांचे तक्ते उघडत नसत. दर महिन्याला तक्रारीचं पत्र येई. खाली मेट्रनची सही. मेट्रन म्हणजे एक्स्चेंजबाईंची नणंद.

दोघींमध्ये पाच वर्षं अबोला होता. एक्स्चेंजबाईंच्या नवऱ्याला मंगळवारी छातीत दुखतं म्हणून दाखल केलं आणि गुरुवारी पहाटे तो गेला. बहिणीला कळलं ते सगळं संपल्यावर. ती आली, भावाच्या पायांशी बसली आणि भरल्या घरात म्हणाली, "जगाचे फोन जोडलेस वहिनी, माझा एक जोडता आला नाही?" त्यावर हिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

साहेबांनी अखेर ठरवलं की डोंगरावर तिथलाच एक सर्व्हर बसवायचा. डिरेक्टरीची एक प्रत त्याच्याजवळ राहील, मग विचारायला शहरापर्यंत यायलाच नको. सर्व्हरचं खोकं ट्रकने गेलं, तिथल्या कंपाउंडरने सांगितल्याप्रमाणे वायरी जोडल्या, आणि शहरातून प्रत लाइनवरून पाठवायला घेतली. पहिल्यांदा तिसरा हिस्सा जाऊन तुटली. दुसऱ्यांदा दोन दिवस रखडत निम्म्याच्या पुढे गेली आणि तुटली. तिसऱ्यांदा त्या प्रतीने लाइन इतकी अडवली की पेशंटचे रिपोर्टच अडकले, आणि मेट्रनबाईंनी साहेबांना फोन करून तो खेळ बंद पाडला.

"साहेब," एक्स्चेंजबाई म्हणाल्या, "धान्य नळातून कशाला पाठवायचं? पोत्यात भरून नेऊ या की."

साहेब हसले. डिरेक्टरीची ताजी प्रत डिस्कवर काढायची, तिला पासवर्डचं कुलूप घालायचं आणि ती तिथे नेऊन सर्व्हरला खाऊ घालायची. सोय सोपी होती. जायचं कोणी, एवढंच राहिलं. एकाची कंबर धरली होती, दुसरीची परीक्षा होती, तिसऱ्याला घाटात बस लागायची.

"मी जाते," एक्स्चेंजबाई बोलून गेल्या, आणि तिथे दारात कोण भेटणार हे मग त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने त्या निघाल्या. डिस्क पर्समध्ये, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. संस्थेतल्या अकराशे माणसांची नावं त्या मांडीवर घेऊन चालल्या होत्या. वाटेत शेजारणीने विचारलं, काय आहे हो एवढं जपून? "माणसं," त्या म्हणाल्या, आणि शेजारीण जरा सरकून बसली.

दोन वाजता त्या दवाखान्यात पोचल्या. दारात वन्सं उभ्या होत्या. केस पार पांढरे झाले होते.

"आलात?" वन्सं म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून वन्सं त्यांना वहिनी, तू असंच म्हणत आल्या होत्या. त्या 'आलात'ने जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं.

सर्व्हर कोठीच्या खोलीत होता, घडी घातलेल्या चादरी आणि सलाइनची खोकी यांच्या मधोमध. एक्स्चेंजबाईंनी पदर खोचला, डिस्क लावली, कुलूप काढलं आणि सर्व्हरला सांगितलं की लाइनवर काही मागू नकोस, इथून वाच. पडद्यावरची पट्टी शांतपणे पुढे सरकू लागली. चाळीस मिनिटांत सगळी माणसं घरात आली. कालपासून जे बदललं होतं, तीन नवे पासवर्ड आणि एक नवी नर्स, तेवढंच आता लाइनवरून यायचं होतं.

ते येत असताना वन्सं चहा घेऊन आल्या. कप ठेवला, पण गेल्या नाहीत. खोक्यावर टेकल्या.

एक्स्चेंजबाईंनी पट्टीवरची नजर हलवली नाही. "त्यांनीच कळवू नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत घरी जातोय, तिला कशाला घोर. शपथ घातली होती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"गेलेल्या माणसावर कसं ढकलू?"

वन्सं बराच वेळ चादरींच्या घड्या सारख्या करत राहिल्या. "तो तसलाच," शेवटी त्या म्हणाल्या. "सातवीत हात मोडला होता, तर दोन दिवस सदऱ्याच्या बाहीत लपवून हिंडला. आईला माझ्यामुळे कळलं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "चहा निवतोय तुझा."

सकाळी सातला सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. पहिल्या नर्सने नाव टाकलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पडदा तसाच. एक्स्चेंजबाईंनी वायरी पुन्हा तपासल्या. वन्सं नर्सांना म्हणाल्या, "घाई करू नका तिला."

मग एक्स्चेंजबाईंना आठवलं. बोर्डावर असताना एकदा नवा वॉर्ड निघाला, आणि त्याचा नंबर आपलाच आहे हे बोर्डाला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खोलीचा फोन सबंध शहर फिरून परत यायचा. इथेही तेच झालं होतं. सर्व्हर बसला होता, पण दवाखान्यातल्या कॉम्प्युटरांचे पत्ते त्याच्या पदरात टाकायचे राहून गेले होते. ते बिचारे अजून सवयीने शहरालाच विचारत होते.

त्यांनी पत्त्यांची नोंद केली, साहेबांना फोन लावून तिकडेही करायला लावली, आणि पाव तास थांबून सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. नर्सने परत नाव टाकलं आणि हाताची घडी घालून नेहमीसारखी मागे रेलली. तोवर तक्ता उघडलेलाही होता.

"उघडलं पण," ती म्हणाली, अजून खात्री नसल्यासारखी.

एकेक करत सगळ्या आत गेल्या. पावणेआठला सगळ्या पेशंटची सकाळची औषधं वाटायला निघाली. कंपाउंडर सर्व्हरवरची धूळ पुसून आला, कोणी सांगितलं नसताना.

साहेबांचा फोन आला की अशाच अडचणीतले आणखी दोन दवाखाने आहेत, जाल का? "जाईन," एक्स्चेंजबाई म्हणाल्या. "पण आज रजा टाका माझी."

दुपारी वन्संनी त्यांना दवाखान्यामागच्या चढावर नेलं. तिथे वन्संचं घर उभं राहत होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर तिथे राहायचं होतं. विटांवरून साडी सावरत दोघी आत शिरल्या.

"ही माझी खोली," वन्सं म्हणाल्या. "आणि ती पलीकडची. तिला खिडकी कुठे ठेवू, गवंडी रोज विचारतोय. तूच सांग, तुला उजेड कुठून लागतो?"

एक्स्चेंजबाई त्या रिकाम्या चौकोनात उभ्या राहिल्या, चारी बाजूंना बघितलं, आणि दरीकडच्या भिंतीवर हात ठेवला.