उपरण्याखालचा फासा

दोन वर्षं पोटात ठेवलं, आता लिहून टाकतो. तो ड्रॅगन मी जादूने झोपवला नव्हता.

नात दर रविवारी दुपारी कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना घेऊन ओसरीवर सोंगांचा एक खेळ मांडते. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली सोंगं घ्यायची. कुठलंही काम जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा तर जमलं. एकदा भिडू हवा म्हणून मलाही बसवलं. नात म्हणजे विद्यापीठात बारा वर्षं शिकलेली जादूगार. माझ्या वाट्याला आला गावठी जादूगार, गुरूविना, इकडचं तिकडचं पाहून शिकलेला. त्याला तीनच विद्या येत: ओली काडी पेटवणं, हरवलेली शेळी शोधणं आणि जनावर झोपवणं, तेही कोंबडीएवढं.

मला त्याची लाज वाटली.

मी घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं बैलांची दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली हात धरून बोटांनी ठरवतात. मी पोरींना सांगितलं, घरी शिकलेली विद्या उघड्यावर चालत नाही, माझा फासा उपरण्याखालीच पडेल. त्यांना ते फार आवडलं. फाशावरचे आकडे कोरलेले असतात. मी चाचपून वीस वर करून ठेवायचो.

मग गोष्टीत ड्रॅगन आला. नातीच्या विजा त्याच्या पाठीवरून घसरल्या. मी उपरणं उचललं, तर वीस. ड्रॅगन कोंबडीसारखा मान टाकून झोपला. टोळीने मला प्रमुख केलं आणि नातीची जादूगार मी शोधून जमवलेल्या शेळ्यांमागे चालू लागली.  मंत्र म्हणताना नातीचा आवाज बारीक होत गेला, आणि परवा म्हणाली, आता खेळणं बंद, शिकून काही उपयोग नसतो.

या रविवारी मी चौघींसमोर कबूल केलं. कोणी हसेना. गोष्ट सांगणारी म्हणाली, म्हणजे ड्रॅगन दोन वर्षं डोळे मिटून जागाच पडलाय. त्यावर तासभर खल झाला. शेवटी नातीने विचारलं, "आबा, खोड लपवलेल्या बैलाचं बाजारात काय करत्यात?"

"ज्याचा त्याला परत."

माझा जादूगार त्याच्या गावी परत गेला. गावाने शेळ्या ठेवून घेतल्या, त्याला घेतलं नाही. म्हणून आता मी नातीची पुस्तकं वाहणारं गाढव आहे. गाढवाचा फासा उघड्यावर पडतो. पहिलाच पडला तीन. गाढव नदीत बसलं, बारा वर्षांची पुस्तकं भिजली. नातीने खणखणीत आवाजात मंत्र म्हटला. तिला पडले चार.

"आबा," ती म्हणाली, "ती ओली काडी पेटवायची विद्या शिकवा की मला."

गाढवाला बोलता येतं का, यावर पुन्हा खल सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही.