क्रूसामागचा आवाज

वितळत्या मेणाच्या वासात सुकत्या बोंबलांचा वास मिसळला, की आमच्या डोंगरी गावात मे महिन्याची सांज होते. वारा पडतो. ज्योत हलत नाही. अशाच एका निश्चल सांजेला, आसपास कोणीही नसताना, माझ्या प्रार्थनेला उत्तर आले.

मे महिन्यात आम्ही रस्त्याकडेच्या क्रूसापुढे लदीन म्हणतो. एकाने मरियामातेचे एकेक नाम उच्चारायचे, जमलेल्यांनी ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचे; अर्धी प्रार्थना एकाची, अर्धी सर्वांची. नाम उच्चारण्याचे काम माझे. नव्या शतकाच्या आरंभीची ती वर्षे. तरुण कुटुंबे नवघरच्या इमारतींत राहायला गेली, वृद्ध मातीत गेले. त्यांत माझी पत्नीही. तिच्यामागे माझी श्रद्धा आटली. ओठ चालत, अंतःकरण चालत नसे. त्या सांजेला एकही माणूस आला नाही. ही शेवटची लदीन, असे ठरवून मी आरंभ केला.

पहिल्याच नामाला उत्तर आले. खोल, घोगरे, एकसुरी. जणू क्रूसाच्या दगडातूनच. आवाज स्त्रीचा होता. मृतांना आपली अर्धी प्रार्थना पुरी करावीशी वाटत असेल काय? क्रूसाला वळसा घालून पाहण्याचे धैर्य झाले नाही. तिथे कोणी दिसेल याचे भय अधिक, की कोणीच दिसणार नाही याचे? मी दुसरे नाम घेतले. उत्तर आले. मध्येच मुद्दाम थांबलो. आवाजही थांबला, आणि त्या शांततेत कोणाचा तरी श्वास अडखळताना ऐकू आला. घाईने मी उरलेली नामे संपवली.

तोच क्रूसामागच्या घराची कडी वाजली. तिथे आग्नेसबाई अंथरुणाला खिळून होती. एके काळी बाजारात तिच्या मासळी कापायच्या कोयत्यापेक्षा तिची जीभ अधिक धारदार. पक्षाघातानंतर तिला मुलाचे नावही घेता येत नसे. तिची सून उंबऱ्यावर येऊन मलाच रागे भरली. मधेच कशाला थांबलात, म्हातारीचा जीव टांगणीला लागला. दम लागत असेल तर खुर्ची आणून देते, बसून म्हणा. मग आवाज उतरवून म्हणाली,

“काका, आयचं तोंड ह्याच वक्ताला उगडतं. येवढेच सबूद ऱ्हायलेत तिच्याकडं. तुमी न्हाय आले तं ती मुकीच.”

 दुसऱ्या सांजेला मी पुन्हा मेणबत्ती लावली. श्रद्धा परतली होती काय? नाही. माझ्यापाशी विश्वासाविना नामे होती, तिच्यापाशी अन्य शब्दांविना उत्तर. दुर्बलांना परमेश्वर बळ कसे देतो, हे मी प्रवचनांत पुष्कळ ऐकले होते; तो एका दुर्बलाला दुसऱ्याच्या आधाराला नेमतो, हे तेव्हा कळले. उरलेला महिनाभर आम्ही दोघांनी, एकमेकांचे तोंड न पाहता, एक प्रार्थना पुरी केली. केव्हातरी माझे अंतःकरणही ओठांबरोबर चालू लागले.

पावसाळ्यात आग्नेसबाई गेली. सून माहेरी राहायला गेली. घराला कुलूप आहे. मी लदीन म्हणतो, आणि प्रत्येक नामानंतर उत्तरापुरता थांबतो. पुढचे नाम केव्हा घ्यायचे, ते मला बरोबर कळते.