काकूच्या साडीतली खोट

चारचौघी साडी घ्यायला गेल्या की चांगलं काय आहे ते बघतात. आमची काकू आधी खोट शोधायची. खोट सापडली की तिचा चेहरा असा खुलायचा, की विणकराला वाटावं, ही आता दोन पैसे जास्तच देणार. ती अर्थातच भाव पाडायची.

त्या काळी, म्हणजे पन्नास-साठच्या दशकात, बंगळूरच्या कब्बनपेटेत घरोघरी रेशमाचे माग होते. कुठे धागा तुटलेला, कुठे काठाचा रंग नीट चढलेला नाही, अशा साड्या दुकानदार घेत नसत. त्या विणकरांच्या घरीच पडून राहायच्या. काकू बसवनगुडीहून बसने तिथे जायची. बरोबर तिची एकुलती एक मुलगी पद्मा आणि मी. आम्ही दोघी एका वयाच्या, आणि घरं भिंतीला भिंत लागून. काकू साडी दाराच्या उजेडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची. खोट पदरावर असेल तर नको, निऱ्यांत जाणार असेल तर सरी, चालेल, द्या बांधून. ‘‘नऊ वारांत लपवायला जागा काय थोडी असते?’’ असं ती आम्हाला बसमध्ये परत येताना सांगायची.

आणि ती नेसायचीही अशी, की हळदीकुंकवाला बड्या घरच्या बायका तिला साडी कुठली म्हणून विचारायच्या. काका साधे कारकून, त्यामुळे ही ऐट आमच्या घरात सगळ्यांनाच रुचायची असं नाही. माझी आई तिची थोरली जाऊ. ती एकदा म्हणाली, की अंथरूण पाहून पाय पसरावेत. काकू हसून म्हणाली, ‘‘अंथरूण आहे तेवढंच आहे अक्का. मी वर चादर तेवढी बरी घालते.’’ आईला हसू आवरलं नाही.

पण हा सगळा खोटीचा माल तिच्या स्वतःपुरता. पद्माच्या लग्नाची साडी निर्दोषच घेणार, हे तिनं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्ही तिच्यापुढे तिचंच वाक्य म्हणून दाखवायचो. त्यासाठी ती वर्षानुवर्षं बाजूला टाकत होती. हुबळीचं तालेवार स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईनं बोलता बोलता पद्माचा पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला. काकूनं ते पाहिलं. पाहुणे गेल्यावर म्हणाली, ‘‘लग्नात हिच्यावर बोट ठेवायला जागा राहता कामा नये.’’ लग्न ठरलं, आणि काकू कामाला लागली.

त्याच सुमारास ती दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायला लागली. पूर्वी तिचा पदर कसा चापूनचोपून बसलेला असायचा. आम्ही तिला चिडवलं, की जावई यायच्या आधीच सासूबाई झालीस. ती म्हणाली, वयाला शोभतं. लग्नाची साडी विणकराकडून मुद्दाम विणून घेतली. ती आणायला गेलो तेव्हा उजेडात धरायला तिनं माझ्या हातात दिली. ‘‘स्वल्प हात दुखतोय,’’ म्हणाली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा तिथेच ओट्यावर बसून रडली. आम्हाला तो आनंद वाटला. असेलही.

लग्न देखणं झालं. हुबळीच्या बाई साडीकडे बघत राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. काकूच्या दृष्टीनं याहून मोठी पावती नव्हती.

पुढच्या महिन्यात तिचा हात वरच होईना. माझी आई बळेच तिला न्हाऊ घालायला बसली, आणि न्हाणीघरातून बाहेर आली ती काकांना टांगा आणायला सांगतच. काकूच्या छातीत गाठ होती, आणि फुटत आली होती. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. तिनं सरळ सांगितलं, की हुबळीचे लोक बघायला आले त्याच्या आधीपासून. डॉक्टरांना जे करता आलं असतं ते तेव्हा करता आलं असतं. पण तेव्हा उपचाराला पैसे काढायचे म्हणजे पद्माच्या लग्नाचेच काढावे लागले असते, आणि घरात रोगी बाई आहे म्हटल्यावर ते स्थळही राहिलं नसतं.

ती श्रावणात गेली. मला तिचा फार राग आला होता आणि आजही येतो. इतकी हुशार बाई, आणि तिला एवढं कळू नये? तिच्यावाचून पद्माची दोन बाळंतपणं माझ्या आईनं केली.

जायच्या आधी आठवडाभर पद्मा हुबळीहून येऊन तिच्या उशाशी बसली होती. काकू शुद्धीवर होती. पद्मा म्हणाली, ‘‘आई, मला सांगितलं असतंस तर मी सुती साडी नेसून बोहल्यावर उभी राहिले असते गं.’’

‘‘ठाऊक आहे पुट्टी,’’ काकू म्हणाली. ‘‘म्हणूनच नाही सांगितलं.’’