गुळव्या तात्या

गार पाण्यात बोटं बुडवायची, लगेच उकळत्या काहिलीतला पाक चिमटीत उचलायचा आणि बोटांत फिरवून म्हणायचं, "अजून न्हाय." जळोचीच्या आमच्या गुऱ्हाळावर गूळ करायला येणारा तात्या असा होता. तो "झालं" म्हणेपर्यंत काहील उतरायची नाही.

काहीही विचारा, उत्तर तेच. "तात्या, जेवला का?" "अजून न्हाय." पन्नाशी उलटलेल्या त्या एकट्या माणसाला बायका मुद्दाम विचारायच्या, "लगीन केलं का न्हाय?" तोही मान खाली घालून म्हणायचा, "अजून न्हाय." साऱ्याजणी तोंडाला पदर लावायच्या.

तो इंदापूरकडचा. दिवाळी झाली की वळकटी घेऊन यायचा, शिमग्याला जायचा. घर नाही, जमीन नाही, भाऊबंद नाहीत. उरलेलं वर्ष कुठे काढायचा म्हणून विचाराल, तर ते आम्ही कधी विचारलंच नाही.

मग साखर कारखाना निघाला. गुळाचा भाव आधीच पडला होता. ऊस गाड्या भरून थेट तिकडे जाऊ लागला. गावातली गुऱ्हाळं थंड पडली. तात्याला कळवायचं तरी कुठे? तो नेहमीसारखा आला आणि गुऱ्हाळाच्या रिकाम्या खोपटाच्या दारात वळकटीवर बसून राहिला.

थोरला भाऊ म्हणाला, "तात्या, कारखान्यावर जावा. तितं बी रसच उकळत्यात."

आठवड्याने तो परत आला.

"मिळालं काम?"

"अजून न्हाय." वळकटी खाली ठेवत म्हणाला, "फाटकाशी लई माणसं हायती. कोन कोष्टी, कोन तेली. मुकादमानं इचारलं, काय येतं? म्हनलं, गूळ. तर म्हनला, हितं यंत्र हाय, आबा. बोटं नगंत."

तो हसला. आम्हाला हसता आलं नाही.

आई म्हणाली, "ऱ्हावा की हितंच. दोन भाकरी जड न्हाईत आमाला."

"बसून खायाला मी पावना हाय का, आक्का?"

सकाळी पाहिलं तर खोपट झाडून ठेवलेलं. तात्या गेला होता.

पुढच्या वर्षी ऊस घेऊन कारखान्याकडे निघालो, तेव्हा सडकेच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांत तो दिसला. "तात्या!" म्हणत मी गाडीवरून उडी टाकली. त्याने हातोडा खाली ठेवला नाही.

"जावा, राव. मागं गाड्या खोळंबल्यात," एवढंच म्हणाला आणि पटका डोळ्यांवर ओढला.

संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परतलो. सडकेला खडीचे ढीग होते, माणसं नव्हती. उतरून मी दोन हाका मारल्या. माळावर चरणाऱ्या एका शेळीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.