फोटोत न दिसलेला खिसा

न्यू जर्सीतल्या एका छोट्या औषध कंपनीत नीलांबरी पेंढरकर कॉम्प्युटरवर औषधाचे रेणू शोधत असे. २००६ साली तिच्या वाट्याला कर्करोगातलं एक गुळगुळीत प्रथिन आलं. औषध अडकायला लागणारी खोबण, म्हणजे तिच्या टीममधल्या मराठी मंडळींचा ‘खिसा’, त्यावर दिसेना. महिनाअखेर प्रकल्प बंद होणार होता.

“खिसाच नाही, तर औषध ठेवणार कुठे? सोड ना यार,” टीमप्रमुख शैलेंद्र म्हणाला.

“तू प्रथिनाचा स्थिर फोटो बघतोयस. बसलेल्या माणसाचा खिसा फोटोत दिसत नाही. त्याला चालवून बघ.”

तिने प्रथिनाची हालचाल कॉम्प्युटरवर अकरा दिवस चालवली. एक फट उघडत-मिटत होती. तीत बसणारे नऊ रेणू तिने निवडले आणि शैलेंद्रने पुढे केलेल्या प्रकल्पबंदीच्या कागदावर सहीच्या जागी त्यांची यादी लिहिली.

“सही कुठंय?”

“आधी हे नऊ लॅबमध्ये तपासून घे, मग सही माग.”