हिरीतला टेंगूळवाला

लातूरजवळच्या मुरुडात कुणाची शेतातली मोटार जळली की माणूस आमच्या अमरेशच्या दुकानात येतो, आणि वायंडिंग होईस्तोवर मासे बघत बसतो. आमच्या घरातला हा सगळ्यात धाकटा. दहावी नापास, पण माशांची असली टाकी लातुरात डॉक्टरांच्या बंगल्यात पण सापडायची न्हाई. आत सगळे सिक्लिड जातीचे मासे, एकापरीस एक मारकुटे. दुसरे लोक असला एक मासा एका टाकीत ठेवतात अन् लांबून बघतात. अमरेश सगळ्यांना एकत्र नांदवतो. टाकी भरगच्च ठेवायची, म्हणजे मारणाऱ्याला एकाच्याच मागं लागता येत न्हाई. नवा मासा आणला की आतले सगळे दगड हलवायचे. कुणाचीच कपार जुनी ऱ्हात न्हाई, सगळेच पाव्हणे, मग मालकी कोण सांगणार?

नांदेडहून फ्लॉवरहॉर्न मासा आणला, तिथं मात्र ही तऱ्हा चालली न्हाई. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर हे एवढं टेंगूळ, त्याच्यावर पांढरे ठिपके. दगड हलवले तर त्यानं अख्खी टाकीच आपली केली. मधी काच घातली तर काचेला धडका देऊन थोबाड फोडून घेतलं. सकाळी शटर वर केलं की एखादा मेलेला तरंगत असायचा, शेपूट कुरतडलेली.

घर लिंगायताचं. हातानं जीव मारायचा न्हाई. अन् विकायचा म्हणलं तर दुसऱ्याच्या टाकीत मरण नेऊन घालायचं. मग एका दुपारी अमरेशनं त्याला बादलीत घेतला आणि शेतातल्या हिरीत सोडून आला. एवढं पाणी हाय, ऱ्हाईल एका बाजूला, असं त्याला वाटलं. एवढी अक्कल असलेला माणूस, पण तिथं चुकला. हीर किती बी मोठी दिसली तरी ती पण टाकीच.

हिरीच्या काठाला अप्पांची समाधी. आमचे अप्पा, कपाळावर टेंगूळ अन् त्याच्यावर विभूती; गुंडप्पा म्हणलं की शिवार गप्प व्हायचं. घरात पाऊल टाकलं की लेकरं कोपऱ्यात, भांडं वाजायचं न्हाई. रोज अमरेशच्या दुकानावरून जायचे, पण टाकीकडं कधी मान वळवली न्हाई. लातूरचे लोक गाडी करून बघायला यायचे, आणि बाप तोंड फिरवून जायचा. ते गेले तवापासून आमची आई, अव्वा, दर सोमवारी समाधीला बेल वाहायची अन् हिरीतल्या बारक्या माशांना, चिंगळ्यांना, कणकेच्या गोळ्या टाकायची.

एका सोमवारी ती घरी येऊन म्हणाली की चिंगळ्या दिसंनात. अमरेशच्या हातात घास तसाच ऱ्हायला. पुढं बेडूक पण गप झाले. मग एक दिवस जेवताना तिनं सहज सांगितलं, जसं कुणी पाव्हणा आल्याचं सांगावं.

"अप्पा आलेत हिरीत."

कपाळावर तेच टेंगूळ, टेंगळावर विभूती. कुणाला जवळ येऊ देत न्हाईत. सगळ्यांना हाकलून अख्खी हीर एकट्यानं धरून बसलेत. "मेल्यावर पण सवय गेली न्हाई त्यांची," म्हणाली आणि हसली. अमरेश ताटावरून उठला.

त्याची बायको स्वप्नाली रोज म्हणायची, सांगून टाका की एकदाचं. तो सांगायच्या तयारीनं जायचा, अन् बघायचा तर अव्वा अर्धी भाकर जास्त खायलेली, जुन्या गोष्टी काढायलेली. तसाच माघारी यायचा. रात्री दुकान बंद करताना टाकीत बघायला पण त्याला नको वाटायचं. कपारीतून कुणीतरी बघायलंय, असं वाटायचं.

सोमवारचं रोजचं झालं. अव्वा शेवाळलेल्या पायऱ्या उतरून थेट पाण्याला जाऊन बसायला लागली. एक दिवस बोटाला चिंधी बांधून आली. अमरेशनं सोडून बघितलं तर बोट फाटलेलं. ती म्हणाली, त्यांनी बोट धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

आता मात्र म्हातारी पाण्यात जाणार, हे अमरेशला दिसलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो मोठी जाळी घेऊन शेतात गेला. अव्वा खालच्या पायरीवर बसलेली, हात पाण्यात. तिच्या बोटापाशी ते लाल टेंगूळ. अमरेश जाळी पाठीमागं धरून हळूहळू उतरला. त्याची सावली पाण्यावर पडली.

मासा फिरला. अव्वाचा हात सोडून सरळ त्याच्याकडं आला, तोंड वर करून थांबला, हालेना. दुकानात रोज सकाळी असाच यायचा, अमरेश बोट नेईल तिकडं फिरायचा. हे मासे खाऊ घालणाऱ्याला वळखतात, ते अमरेशएवढं कुणाला ठाऊक?

"बघ," अव्वा म्हणाली. "जितेपणी कधी मान वळवली न्हाई. आता कसे बघायलेत तुझ्याकडं."

जाळी मारायला तेवढाच वेळ पुरला असता. मासा एका जागी होता, हाताच्या अंतरावर. त्याचा तो लाल डोळा मिटत न्हाई, मिटणार पण न्हाई. कोण वळखायलंय अन् कशापायी, सगळं अमरेशला ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"अप्पा."

पायऱ्यांना आता लोखंडी फाटक हाय, अमरेशनं स्वतः वेल्डिंग करून बसवलेलं. असलं फाटक शिवारात कुणाच्या हिरीला न्हाई. अव्वा वर समाधीपाशी बसते, तिथूनच गोळ्या टाकते. चावी अमरेशकडं. सोमवारी तो एकटा खाली उतरतो. वर येतो तवा त्याच्या बोटाला चिंधी असते.